उघड्या जमिनीवरचा पाऊस

वळीव पडून गेल्यावर माणदेशातल्या कुळवून ठेवलेल्या रानात उकिडवं बसून पाहावं. दुरून सगळं रान सारखं दिसतं, ओलं आणि दडपलेलं. जवळून पाहिलं की प्रत्येक खडा मातीच्या एका छोट्या खांबावर उभा असतो. हरभऱ्याएवढा खडा आणि त्याखाली तेवढ्याच जाडीचा, गव्हाच्या दाण्याएवढ्या उंचीचा खांब. खड्याने आपल्याखालची माती झाकून धरली आणि भोवतालची गेली, असा त्याचा अर्थ. खांबाची उंची म्हणजे गेल्या कुळवणीपासून त्या जागी गेलेल्या मातीची जाडी. मोजायला दुसरं उपकरण लागत नाही.

चार-पाच मिलिमीटर म्हणजे काही फार नाही, असं वाटतं. पण हेक्टरभर रानातून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी दहा घनमीटर माती गेली, वजनात बारा-तेरा टन. भारतातल्या जमिनीच्या धुपेचा ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली मांडलेला अंदाज आजही वापरला जातो. देशाची सरासरी त्यांनी वर्षाला हेक्टरी १६.४ टन धरली होती. त्यातली २९ टक्के माती समुद्रात जाते, दहाएक टक्के धरणांत साठते आणि उरलेली एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी पडते. हे आकडे कागदावर वाचून सोडून देता येतात. खड्याखालचा खांब पाहिल्यावर तसं सोडता येत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘माती’ हा विषय सांगितला, तेव्हा एकाच जिल्ह्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं ठरवलं. सातारा जिल्हा त्यासाठी जणू आखून दिलेला आहे.

एका जिल्ह्यातले दोन पाऊस

महाबळेश्वर ते म्हसवड हे अंतर रस्त्याने दीडशेएक किलोमीटर. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सातारा शहराशी येईपर्यंत तो हजाराच्या घरात उतरतो, आणि दहिवडी-म्हसवडकडे, म्हणजे माण तालुक्यात, पाचशेच्या आसपास. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माणमध्ये वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस तिथे एका दिवसात पडला.

मग माती कुठली जास्त जाईल? पावसाच्या आकड्यांवरून पाहिलं तर महाबळेश्वरचे डोंगर केव्हाच उघडेबोडके व्हायला हवे होते. पण भर आषाढात तिथल्या जुन्या रानातून निघणाऱ्या ओढ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं, तर तळहाताच्या रेषा दिसतात. आणि माणमध्ये अर्ध्या तासाच्या सरीनंतर ओढा येतो तो गढूळ, तांबूस-काळा, फेसाळ. तासा-दोन तासांत येतो तसा ओसरतो आणि दुसऱ्या दिवशी पात्रात नुसती ओली वाळू उरते.

लँगबाइन आणि शुम या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५८ साली तिथल्या अनेक नद्यांचा गाळ आणि त्या त्या भागातला पाऊस यांचा मेळ घातला. वाळवंटात पाऊसच नाही, म्हणून गाळ कमी. भरपूर पावसाच्या प्रदेशात जंगल दाट, म्हणून तिथेही कमी. सगळ्यांत जास्त गाळ मधल्या पट्ट्यातून, जिथे माती वाहून नेण्याइतका पाऊस आहे, पण ती धरून ठेवण्याइतकी हिरवळ नाही. त्यांच्या हिशेबात हा टोकाचा बिंदू वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास येत होता. जिथे ऊन जास्त आणि बाष्पीभवन जास्त, तिथे तो आणखी पावसाच्या बाजूला सरकतो. आपला माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हा सगळा पट्टा याच मधल्या, धोक्याच्या जागेत बसतो. अवर्षणग्रस्त भागात धुपेची चिंता कशाला, असं अनेकांना वाटतं. खरं तर तिथेच ती आधी करायला हवी.

थेंबाचा मार

माती पाण्याच्या लोंढ्याने जाते असं आपण धरून चालतो. लोंढा ती वाहून नेतो हे खरं, पण जमिनीपासून तिला सुटी करण्याचं मोठं काम त्याआधीच थेंबाने केलेलं असतं. जर्मनीत एवाल्ड वोल्नी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छोट्या वाफ्यांवर हे तपासायला सुरुवात केली होती. अमेरिकेत एलिसन यांनी १९४०च्या दशकात एकेका थेंबाच्या आघाताचा अभ्यास केला, तेव्हा हे चित्र स्पष्ट झालं.

भुरभुर पावसाचा एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला चार मीटर वेगाने जमिनीवर येतो. वळिवाचा पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब नऊ मीटर वेगाने येतो, आणि त्याचं वजन सव्वाशेपट असतं. तो उघड्या ढेकळावर आदळला की ढेकूळ फुटतं आणि मातीचे कण उडतात, वर दोन फुटांपर्यंत आणि आजूबाजूला पाच फुटांपर्यंत. भिंतीच्या पायाशी, वांग्याच्या खालच्या पानांवर, शेळीच्या पोटावर पावसानंतर जी माती दिसते ती हीच. सपाट रानात उडालेला कण इकडचा तिकडे पडतो. उतारावर मात्र खालच्या बाजूला पडणारे कण नेहमीच अधिक असतात.

याहून घातक गोष्ट त्यानंतर घडते. फुटलेल्या ढेकळातले बारीक कण मातीच्या पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा होतो. शेतकरी म्हणतात, रानाने पापडी धरली. ही पापडी नखाच्या जाडीची असते, पण पाणी मुरायचं जवळजवळ थांबवते. खाली हातभर जमीन कोरडी ठणठणीत आणि वर पाणी वाहतंय, हे दृश्य माणमध्ये कुणालाही नवीन नाही. एका आजोबांनी रानात टाचेने पापडी फोडून खालचा फुफाटा दाखवला. “पाऊस झाला म्हंत्यात गावात. हितं कुठं झाला? वढ्याला झाला.”

सुरुवातीला पाणी पातळ पडद्यासारखं सरकतं. त्याला कृषी खात्याच्या पुस्तकांत सालकाढ धूप म्हणतात. ती दिसत नाही, म्हणून तिची तक्रारही होत नाही. मग पाणी वाट शोधतं, ओघळी पडतात. ओघळी कुळवाने मोडता येतात, म्हणून त्याही विसरल्या जातात. घळ पडली, बांध फुटला की मगच लोक धावतात, आणि तोवर रानातला सुपीक भाग गेलेला असतो. कारण पाणी आधी हलकं ते उचलतं. शेणखताचा कुजलेला अंश आणि बारीक पोयटा पुढे जातो, मुरूम मागे राहतो. वाहून गेलेली माती उरलेल्या मातीपेक्षा नेहमी कसदार असते.

झाडाखालची जमीन

महाबळेश्वरच्या जुन्या रानात शिरताना आपण वर पाहतो. जांभळी, हिरडे, अंजनी, त्यांच्या फांद्यांवरचं शेवाळ. पाहायला हवं ते पायाखाली. तिथे वरच्या थरात ओळखू येणारी यंदाची पानं, त्याखाली जाळी झालेली गेल्या वर्षीची, त्याखाली पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेला काळा चुरा, आणि मग मुळांची विणलेली चटई. एवढ्या थरांतून हात खाली घातला की माती लागते, ती मऊ, भुसभुशीत आणि भोकाभोकांची. गांडुळं, वाळवी, खेकडे, कुजलेल्या मुळांच्या नळ्या, या सगळ्यांनी पाण्याला आत जायला वाटा करून ठेवलेल्या असतात. पाणी आतून चालतं आणि खाली कुठेतरी झरा होऊन बाहेर येतं. पावसाचा जोर आटोक्यात असेपर्यंत वरून वाहायला फारसं काही उरत नाही.

झाड लावलं की माती वाचली, हा आपल्याकडचा लाडका समज आहे. वृक्षारोपणाच्या सगळ्या मोहिमा त्याच्यावर चालतात. पण उंच झाडाच्या पानांवर पाणी गोळा होतं आणि टोकावरून जो थेंब गळतो तो पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असू शकतो. सात-आठ मीटर उंचीवरून सुटला की जमिनीवर येईपर्यंत त्याला जवळपास पूर्ण वेग मिळतो. सागाची पानं मोठी, म्हणून त्याखाली हा मार जास्त. सागाच्या लागवडीत उन्हाळ्यात पाला जळाला आणि खाली गवत नसेल, तर भरगच्च छत्राखालीही मुळं उघडी पडतात. माती वाचवतात त्या जमिनीला टेकलेल्या गोष्टी: पाला, गवत, वेल, काटक्या, दगडसुद्धा. झाडाचं मोल आहे ते ते पाला देतं म्हणून, सावलीत झुडपं धरतं म्हणून आणि मुळं देतं म्हणून. तो पाला आपण जाळला किंवा गोळा करून नेला, तर उरतो तो नुसता खांब.

घाटाच्या उतारांवर या बाबतीत सगळ्यांत गुणी वनस्पती म्हणजे कारवी. माणूस उभा राहू शकत नाही अशा कड्यावर ती दाटीने उभी असते. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, मग वाळते, आणि तिच्या वाळक्या काड्यांखाली नवी रोपं उगवतात. मधल्या काळातही जमीन उघडी राहत नाही.

पण यालाही मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. २०२१च्या त्याच जुलैच्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गाडली गेली, पलीकडे महाडजवळ तळीयेचं तेच झालं. तो प्रकार धुपेचा नव्हे. दिवसचे दिवस मुरलेल्या पाण्याने डोंगराचा जाड थर आतून भिजून जड होतो आणि खालच्या खडकावरून सुटतो. मुळं दोन-तीन मीटरपर्यंत धरून ठेवतात; त्याखालून सुटलेल्या डोंगराला झाडासकट जावं लागतं. अशा उतारावर रस्त्यासाठी, प्लॉटसाठी पायथा कापला तर धोका आणखी वाढतो.

आणि वणवा. माघ-फाल्गुनापासून साताऱ्याभोवतालच्या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसतात. जाळलं की नवं गवत चांगलं येतं, या समजुतीने कुणी लावतो, कुणी बिडी टाकतो. गवताची ठोंबं बऱ्याचदा वाचतात, पण मे महिन्यातल्या पहिल्या जोरदार सरीला डोंगर नागडा सापडतो. जळालेल्या पाल्यातले मेणचट पदार्थ काही ठिकाणी मातीच्या कणांवर बसतात आणि तेवढी माती पाणी चक्क झिडकारते. राख, सुटी माती आणि वळीव एकत्र आले की खालच्या गावाच्या विहिरीत काळं पाणी उतरतं.

पावसात रिकामं रान

पुसेगाव ओलांडून माणकडे निघालं की रानाचा रंग बदलतो. इथल्या भारी काळ्या जमिनीची पूर्वापार रीत अशी की खरिपात रान पडीक ठेवायचं, पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या द्यायच्या, तण येऊ द्यायचं नाही, ओल साठवायची आणि भाद्रपद-आश्विनात शाळू (रब्बी ज्वारी) पेरायचा. इथला पाऊस जून-जुलैत रिमझिमतो आणि खरा पडतो तो उत्तरा-हस्तात, परतीच्या वाटेवर, विजा कडाडत, टपोरा. म्हणजे वर्षातला सगळ्यांत मारक पाऊस येतो तेव्हा रान सगळ्यांत स्वच्छ कुळवलेलं असतं. वळिवाच्या वेळीही तेच, तेव्हा नांगरट तापत पडलेली असते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असताना पहिलं पाणी भेगांतून थेट खाली उतरतं. पण एकदा ती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग इतका मंदावतो, की मध्यम सरही वाहू लागते.

ही रीत अडाणीपणाची नाही. शाळूला पेरणीनंतर पाऊस मिळेलच याची खात्री नसते. तो जगतो जमिनीत साठलेल्या ओलीवर. खरिपात पीक घेतलं तर ते ती ओल पिऊन टाकेल, ही भीती खरी आहे. मुंबई इलाख्याने १९२३च्या सुमारास मांजरीला आणि मग १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू केलं ते याच पेचातून. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उतारावर वाफे आखून, खालच्या टोकाला हौद बांधून प्रत्येक सरीचं वाहून आलेलं पाणी आणि माती मोजली. देशात असं मोजमाप प्रथमच होत होतं. त्यातून बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, कोळपणी अशी पद्धत तयार झाली आणि बांधबंदिस्तीचं काम पुढे दुष्काळी कामांतून सगळ्या दख्खनवर पसरलं.

बांधाने पुष्कळ काम केलं, आजही करतो. पण बांध गेलेली माती अडवतो. थेंबाचा मार त्याच्याने थांबत नाही. दोन बांधांमधलं रान उघडंच राहतं, तिथली माती वरून सुटून बांधाशी जमते आणि पट्टीचा वरचा भाग दरवर्षी पातळ होतो. कुठल्याही माणदेशी पट्टीत ज्वारीची उंची पाहावी: बांधालगत पुरुषभर, वरच्या अंगाला गुडघाभर.

यावर एक तडजोड निघते आणि काही शेतकरी ती करतात. भारी जमिनीत जूनमध्ये मूग, उडीद किंवा चवळी घ्यायची, साठ-सत्तर दिवसांत काढायची, मुळं आणि पाला रानातच ठेवायचा आणि मग शाळू. हलक्या रानात बाजरीत मटकी किंवा हुलगा. मटकी जमिनीवर पसरते आणि बाजरीच्या ओळींमधली मोकळी जागा झाकते. पाऊस फारच दगा देईल त्या वर्षी शाळूला फटका बसतो, हे ते नाकारत नाहीत. पण रान सबंध झाकावं लागत नाही, हे इथे महत्त्वाचं. जमिनीचा साधारण ३० टक्के भाग काडीकचऱ्याने झाकला, तरी धूप निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटते, हे ठिकठिकाणच्या प्रयोगांत दिसलं आहे. ज्वारीची धसकटं उभी ठेवणं, उसाचं पाचट न जाळता सरीत पसरणं, डाळिंबाच्या दोन ओळींतलं गवत तणनाशकाने मारण्याऐवजी कापून तिथेच टाकणं, एवढ्यानेही फरक पडतो. नव्या डाळिंबबागांत फिरताना मात्र ठिबकच्या नळ्या सोडल्या तर ओळींमधली जमीन अंगणासारखी लख्ख दिसते, आणि ते नीटनेटकेपण बागायतदार अभिमानाने दाखवतात.

चर खोदले, गवत कुठे आहे

माण-खटाव-कोरेगावने गेल्या दहा वर्षांत पाण्यासाठी जेवढा घाम गाळला तेवढा क्वचितच कुठे गाळला गेला असेल. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि २०१८ साली माणमधलं टाकेवाडी. बायाबापड्यांनी पहाटे टेकडीवर जाऊन ए-फ्रेमने आणि नळीच्या साध्या उपकरणाने समपातळी रेषा आखल्या, चर खोदले. त्या डोंगरांवर आजही चरांच्या रेषा दिसतात आणि पावसात त्यांत पाणी थांबतं. हे काम मोठं आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण चर भरतो. वरच्या उतारावर गवत नसेल तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने बुजतो, आणि बुजलेल्या चरातून एकाच जागी फुटलेलं पाणी नवी घळ पाडतं. खोदलेल्या मातीचा भराव चराच्या खालच्या अंगाला टाकायचा आणि त्यावर लगेच गवताचं बी पेरायचं, हे शिकवलं जातं. खोदाई होते, बी राहून जातं. कारण खोदाईचं मोजमाप होतं. इतके घनमीटर, इतके तास मशीन, इतकं बिल. गवताची वाढ मोजून पैसे देणारी तरतूद क्वचितच असते. मशीन नाल्यात उतरवून खोलीकरण करणं दिसायला झपाट्याचं आणि फोटोला चांगलं, म्हणून निधी तिकडे वळतो. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करावं, हा साधा नियम त्यात उलटा होतो. धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७पासून आहे. गाळ शेतात परत येतो हे चांगलंच. पण वरचं रान उघडं असेपर्यंत तो तलावात पुन्हा येतच राहणार.

गवत परत येतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. अति चराईने माळावरचं पवना आणि मारवेल संपतं, मग कुसळी येते, ती कोवळी असतानाच जनावर खातं. तीही संपली की खुरटं, वर्षायू गवत आणि टणटणी. चराई थांबली की उलटा क्रम सुरू होतो. एका गावाने राखलेल्या कुरणाच्या तारेशी उभं राहिलं तेव्हा पायाच्या एका बाजूला घोट्याएवढं दाट गवत होतं आणि दुसऱ्या बाजूला खांबांवर उभे असलेले तेच खडे. पाऊस, उतार, माती एकच. गवताच्या बाजूला बोट रोवलं तर दोन पेरं सहज आत गेलं. उघड्या बाजूला नखही शिरेना.

वाढलेलं गवत आणि झाडं पाणी पितातही. डोंगर हिरवा झाला की ओढ्याचे पूर कमी होतात, आणि खालच्या तलावाला पूर्वीसारखा एकदम येवा येत नाही. पाणी जमिनीत जातं, विहिरींना उतरतं, पण तलावाच्या भरवशावर असलेल्या खालच्या गावाला आपलं पाणी वरच्यांनी अडवलं असं वाटतं. ते पूर्णपणे चुकीचं नाही. म्हणून हे काम एका गावाच्या शिवेत न पाहता ओढ्याच्या सबंध खोऱ्याचं म्हणून पाहावं लागतं.

मेंढरं कुठं न्यायची

नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून डोंगर परत आणला, हे महाराष्ट्रभर सांगितलं जातं. माणमध्ये ते सांगताना गावातला धनगरवाडा गप्प होतो. ज्याला रान आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढणार. ज्याच्याकडे फक्त मेंढरं आहेत त्याचं चरायचं रान बंद होणार. एक मेंढपाळ मामा म्हणाले, “डोंगर राखा, माझं न्हाई म्हननं न्हाई. पर आखाडापतुर माझं चाळीस जित्राब काय दगडं खाईल का?” त्यांची बाई पलीकडून म्हणाली, “कापून न्यायला दिलं तरी चालंल. पर दर कुनी ठरवायचा?”

तोडगे आहेत, कष्टाचे आहेत. डोंगराचे तीन-चार भाग करायचे, एक बंद ठेवून बाकीचे आळीपाळीने उघडायचे. पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत, बी धरेपर्यंत, कुठेच जनावर घालायचं नाही. ते दोन महिने मेंढपाळांना चारा गावाने द्यायचा. राखलेल्या भागातलं गवत कापून न्यायला भूमिहीन घरांना पहिला हक्क द्यायचा. मी गेलो त्या गावात ग्रामसभेपुढे हाच प्रस्ताव होता. चराईबंदीवर हात वर झाले. चाऱ्याचे पैसे ग्रामनिधीतून द्यायचे की विहीरवाल्या शेतकऱ्यांनी पट्टी काढून, यावर वाद झाला आणि ठराव पुढच्या सभेवर गेला. ती सभा वळिवाच्या आत घ्यावी, असा आग्रह बचत गटाच्या एका ताईंनी धरला आहे. गवताचं बी त्यांच्या घरी पोत्यात भरून ठेवलेलं आहे.